दोनशे सतराचा काळा कोपरा

मायक्रोवेव्हमध्ये वरणाचे अकरा सेकंद उरले होते तेव्हा मला कळलं, की माझ्या बायकोने पाच मिनिटं माझ्यापासून लपवून ठेवली आहेत. सुलेखाकाकूंचं घर मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या बाकीच्या घरांसारखंच. किचन आणि फॅमिली रूमच्या मध्ये भिंत नाही, नुसता कट्टा. त्यामुळे वरण तापवणाऱ्या माणसाला सोफ्यावरचं सगळं ऐकू येतं, आणि तो ऐकतोय हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. ऑक्टोबरातल्या एका शनिवारचं पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. सोफ्याच्या कडेवर बसून उपासना नंदूला अंटार्क्टिकाची गोष्ट सांगत होती. नंदू म्हणजे पुण्याहून दोन महिन्यांपूर्वी आलेला इंजिनिअर, कुठल्याही वाक्यावर ‘क्या बात है’ म्हणणारा. ती गोष्ट मला पाठ होती. आठ माणसं, सहा आठवडे, पिवळे तंबू, निळं बर्फ, बर्फावरच्या स्कूटर एका ओळीत चालवत आकाशातून पडलेले दगड हुडकायचे. कुठे लोक हसतात, कुठे ‘बाप रे’ म्हणतात, तेही मला ठाऊक होतं. मी कट्ट्याआड मनातल्या मनात तिच्या पुढेपुढेच चाललो होतो, आणि तेवढ्यात ती माझ्या पाठांतराबाहेर गेली.

“एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाहीये,” ती म्हणाली. “रूल असा, की दगड दिसला की थांबायचं आणि दोन्ही हात वर करून हलवायचे. मग सगळे येतात, फोटो, नंबर, पिशवी. हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचा. पण एका दगडाला मी हात हलवलेच नाहीत. इंजिन बंद केलं आणि त्याच्यापाशी बसून राहिले. पाच मिनिटं. वारापण पडला होता. म्हणजे बघ ना, जगात तो दगड बघितलेली मी एकटीच होते, यार. मग हात हलवले. टू वन सेव्हन. नंबर अजून पाठ आहे.”

“क्या बात है,” नंदू म्हणाला.

मायक्रोवेव्ह वाजला. मी फडकं न घेताच भांडं उचललं आणि दोन बोटं भाजून घेतली. मला मत्सर वाटला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. नंदूचा नाही, नंदूच्या जागी टेबल लॅम्प असता तरी तिने त्याला सांगितलं असतं, आणि नेमकं तेच मला झोंबलं. दहा महिने झाले होते तिला परत येऊन. दहा महिन्यांत आम्ही एका ताटलीत पॉपकॉर्न खाल्ले, गाडीत कितीतरी तास शेजारी बसलो, आमच्या लेकीच्या, रेणूच्या, शाळेच्या तीन मीटिंगांना गेलो. ती पाच मिनिटं तिच्याजवळ होती आणि तिने ती काढली नाहीत. काढली ती इथे, समोशाची चटणी संपली का विचारावं इतक्या सहज. रात्रीच्या जेवणात मी दोनदा वरण वाढून घेतलं आणि दोन्ही वेळा त्याची चव लागली नाही. परतताना गाडीत उपासनाने विचारलं, “बोटांना काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” एवढीच शिक्षा मला तिला देता आली.

मत्सर हा माझा जुना रोग नाही. नागपूरला एम.एस्सी. जिऑलॉजीला होतो तेव्हा आमच्या बॅचला फील्डवर हातोडे कमी पडायचे. मनसरच्या खाणीपाशी मला आणि तिला मिळून एक हातोडा आला होता. मी फोडायचो, ती भिंग लावून बघायची. मग ती फोडायची, मी बघायचो. लग्न, मग पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला दोघांची पीएच.डी., आणखी दोन विद्यार्थ्यांबरोबर एक अपार्टमेंट, तांदळाची गोणी आणायला मित्राची गाडी मिळेपर्यंत थांबायचं. तिथेही आम्ही बसमध्ये एकाच पेपरची पानं अर्धी अर्धी वाचली. रेणू झाली तेव्हा कोणीतरी एकाने पगार आणायला हवा होता. मी म्हटलं, मी आणतो. दोन हजार एकमध्ये मी थिसिस अर्धवट टाकून मिनेसोटाला आलो, हार्ड डिस्कचे बारीक भाग बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये. ती मागोमाग आली, इथल्या विद्यापीठात तिला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. तिचं दीड वर्ष माझ्यामुळे वाया गेलं, पण मत्सरात असलेल्या माणसाला असल्या गोष्टी आठवत नाहीत. त्याला एवढंच आठवतं, की हातोडा आता कायमचा तिच्या हातात गेला.

ती बर्फावरून परत आली ती गेली होती त्यापेक्षा जास्त होऊन आली. गॉगलच्या जागेवर दोन गोरे डाग आणि बाकी चेहरा रापलेला, महिनाभर तसाच. फेब्रुवारीत, बाहेर शून्याखाली वीस असताना, खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपायची. मी उठून बंद करायचो. ती झोपेतच पुन्हा उघडायची. नागपूरला बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिचा लाल पार्का कोटातला फोटो मोठा करून घेतला आणि इंदोऱ्याच्या विहारात नोटिस बोर्डावर लावला. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात तिचा सत्कार झाला. ती इथे, म्हणून शाल आणि पुस्तक बाबांनीच स्वीकारलं. रेल्वेच्या शेडमध्ये तीस वर्षं फिटर होते बाबा, स्टेजवर चढायची त्यांची पहिली वेळ. फोनवर म्हणाले, “लोक विचारत होते विवेक, सून काय करते. मी म्हटलं, दक्षिण ध्रुवावर दगडं पाहाते.” मी म्हटलं, “छान झालं बाबा.” मग ते म्हणाले, “अन् तू बरा आहेस ना?” तब्येतीबद्दल विचारतात तसं. मी कोण आहे हे त्या सभागृहात कोणी विचारलं असतं, तर त्यांनी काय सांगितलं असतं, यावर मी दोन दिवस विचार केला. मुलगा हार्ड डिस्क पाहातो.

आता नियतीने म्हणा किंवा विद्यापीठाच्या जुनाट यंत्राने म्हणा, पॉटलकच्याच महिन्यात माझ्यापुढे एक गोष्ट आणून ठेवली. दगडाचा प्रकार ठरवायला प्रोब नावाचं एक यंत्र लागतं. केसापेक्षा पातळ कापलेली दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवून आत ठेवायची, तिच्यातल्या एकेका कणावर इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडायचा. त्या कणात लोखंड किती, मॅग्नेशियम किती, हे यंत्र आकड्यात सांगतं. विद्यापीठाचा प्रोब दुरुस्तीला पडला होता. आमच्या कंपनीतला मी चालवतो. उपासनाच्या प्रोफेसरांनी आमच्या मॅनेजरला फोन केला आणि तीन शनिवार सकाळी यंत्र वापरायची परवानगी मिळाली, एका अटीवर: लॅबमध्ये कंपनीच्या माणसाशिवाय कोणी यायचं नाही. पॉटलकनंतरच्या शनिवारी उपासना आठ काचपट्ट्यांची पेटी घेऊन माझ्याबरोबर कंपनीच्या काचेच्या दारापर्यंत आली. “आत येऊ दे ना पाच मिनिटं,” ती म्हणाली. “सिक्युरिटी आहे,” मी म्हटलं. पाच मिनिटं हे शब्द तिने काही विचार करून वापरले नव्हते. दार माझ्या कार्डाने उघडलं, माझ्यामागे बंद झालं. काचेपलीकडे ती पार्किंग लॉटमध्ये उभी, हात जॅकेटच्या खिशात. आत मी, बाहेर ती. असं पहिल्यांदाच होत होतं आणि मला ते आवडलं.

पेटीबरोबर आलेल्या कागदावर प्रत्येक दगडाची माहिती होती. शोधणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, ती त्या लोकांची रीत. बर्फावर कोणीही शोधो, दगड गोठलेलाच ह्यूस्टनच्या लॅबला जातो, तिथे उघडतात, कापतात, आणि मग ज्याने शोधला त्यालाही बाकीच्यांसारखा अर्ज करून तुकडा मागावा लागतो. नाव नाही, नुसता बर्फावरचा नंबर. चौथी ओळ: २१७. मुठीएवढा, तीन बाजूंना जळकी काळी साल, एक बाजू तुटलेली, आतून करडा. तारीख बावीस डिसेंबर. तिथलं घड्याळ न्यूझीलंडचं, म्हणजे आमच्याकडे एकवीस. एकवीस डिसेंबरला रेणूला एकशे दोन ताप होता. मी तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होतो, सकाळी, दुपारी, आणि संध्याकाळी उपासनाचा सॅटेलाइट फोन आला तेव्हा मी म्हटलं होतं, सगळं ठीक आहे, तू मजा कर. तेव्हा मला वाटलं होतं मी फार थोर वागतोय. म्हणजे एकीकडे मी घडी पिळत होतो आणि एकीकडे ती इंजिन बंद करून बसली होती. मग पहिल्या तीन काचपट्ट्या बाजूला ठेवून चौथी आधी यंत्रात घातली.

त्या काचपट्टीत काय पणाला लागलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. आकाशातून पडणारे बहुतेक दगड साधे असतात, त्यांचं नावच तसं आहे, ऑर्डिनरी. त्यांच्यातल्या ऑलिव्हिन नावाच्या हिरवट खनिजाच्या सगळ्या कणांत लोखंड सारखंच असतं, कारण तो दगड कधीकाळी आत खूप तापलेला असतो. वरण शिजून एकजीव व्हावं तसं सगळं सारखं झालेलं. पण क्वचित एखादा कच्चा राहिलेला सापडतो, भेळेसारखा, प्रत्येक कण वेगळा. तो सूर्याच्या जन्माच्या वेळची धूळ जशीच्या तशी घेऊन आलेला असतो आणि त्याच्यासाठी लोक जीव टाकतात. असं काही निघालं तर ह्यूस्टनला दोन वर्षांची जागा उपासनाला मिळणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. प्रोफेसरांनी तिथे बोलून ठेवलं होतं. माझं ग्रीन कार्ड याच कंपनीतून रांगेत. मी नोकरी सोडली तर रांगेच्या शेपटाला. म्हणजे ती ह्यूस्टनला, मी इथे, आणि रेणू मध्ये. ती म्हणाली होती, “निघालं तर बघू ना. नाइंटी परसेंट साधेच असतात.” ती म्हणताना तिचा आवाज जरा खाली आला होता.

कण आपण निवडायचे नसतात. चकतीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेषा धरायची, सारख्या अंतरावर तीस बिंदू, प्रत्येक बिंदूला जवळचा ऑलिव्हिनचा कण घ्यायचा, आवडो न आवडो. मी रेषा धरली. एक ते अकरा, लोखंड चोवीस, चोवीस, पंचवीस, चोवीस. एकजीव वरण. मी खुर्चीत मागे रेललो. बाराव्या बिंदूपाशी चकतीचा एक काळा कोपरा रेषेत येत होता, गंजल्यासारखा. बारावा: दोन. तेरावा: एकतीस. चौदावा: एक. मी खुर्चीत पुढे सरकलो. पंधरा, सोळा, सतरा, कुठलाच कोणासारखा नाही. बाविसाव्यापर्यंत तसंच, आणि तेविसाव्यापासून पुन्हा चोवीस, चोवीस, पंचवीस. साध्या दगडाच्या पोटात दुसरा दगड होता, नखाएवढा, कधीच न तापलेला. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठल्यातरी टकरीत येऊन रुतलेला आणि सगळं शिजत असताना कसाबसा कच्चा राहिलेला, की नंतर येऊन रुतलेला, ते शोधायलाच दोन वर्षं लागणार.

प्रोबच्या आकड्यांना एक चाळणी असते. कणातली सगळी मूलद्रव्यं मिळून बेरीज शंभराच्या आसपास यायला हवी. अठ्ठ्याण्णवच्या खाली आली तर झोत चिरेवर किंवा गंजावर पडला असं धरून ती ओळ टाकून देतात. सगळेच टाकतात, मीही रोज टाकतो. बारा ते बावीस या अकरांपैकी चार ओळी खरोखरच खाली होत्या. उरलेल्या सात नव्व्याण्णवच्या वर, अगदी निरोगी. मी चार टाकल्या. मग त्या सातांकडे बघत बसलो. मी असं म्हणणार नाही, की माझा हात आपोआप गेला. मला पार्किंग लॉटमध्ये उभी असलेली ती आठवत होती, विहारातल्या बोर्डावरचा फोटो आठवत होता, आणि नंदूचा ‘क्या बात है’. तुझ्या दगडाला काय म्हणायचं ते मी ठरवणार. सात निरोगी ओळी मी चार आजारी ओळींच्या सोबतीला पाठवल्या. उरल्या एकोणीस, एकासारख्या एक. खाली लिहिलं: एल गट, सहावा प्रकार. यापेक्षा साधा दगड आकाशात नसतो.

संध्याकाळी डायनिंग टेबलावर तिने तक्ता वाचला. चष्मा कपाळावर, पेन्सिल दातात, रेणू शेजारी बसून तिच्या स्पेलिंगच्या वहीत चित्रं काढत होती. २१७ च्या पानावर उपासना जास्त वेळ थांबली. मी सिंकपाशी आधीच घासलेला कुकर पुन्हा घासत होतो.

“बारा ते बावीस कुठे गेले?”

“टोटल पडले. काळा कोपरा आहे ना, गंज आहे तिथे.”

“अकराच्या अकरा?”

“सगळेच.”

ती माझ्याकडे वळून बघत राहिली. आमच्या धंद्यात अशा वेळी कच्चे आकडे मागतात. मी तिच्या जागी असतो तर मागितले असते. ती म्हणाली, “तू म्हणतोस तर.” आणि पेन्सिलीने एका कोपऱ्यात छोटंसं ‘एल सिक्स’ लिहिलं. “ठीक आहे. साधा तर साधा. काय करणार!” मला हलकं वाटायला हवं होतं. उलट तिने तो कागद ज्या तऱ्हेने सरळ करून फाइलीत ठेवला, एखाद्या आजारी पोराचं पांघरूण सारखं करावं तसा, त्याने माझा जळफळाट दुप्पट झाला. साधा ठरवूनही तो दगड तिच्या मनातून एक बोटभर हलला नव्हता. मग मला राहवलं नाही.

“नंदूला सांगितलंस. मला नाही सांगितलं.”

“काय?”

“पाच मिनिटं.”

ती समजली. समजायला तिला एक क्षणही लागला नाही, म्हणजे तिलाही ते बोचत असणार. रेणूला तिने वर जाऊन ब्रश करायला सांगितलं. “आय ॲम नॉट डन,” रेणू म्हणाली, पण गेली.

“नंदूला सांगणं सोपं होतं,” उपासना म्हणाली. “त्याला त्याचं काही वाटणार नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तेव्हा मनात काय आलं. आणि तुझ्याशी मी खोटं नाही बोलू शकत.”

“काय आलं मनात?”

“काहीच नाही. तेच तर. सहा आठवड्यांत असा एक तास गेला नाही विवेक, की मला रेणू आठवली नाही. तू आठवला नाहीस. हातमोजा काढताना, चहासाठी बर्फ वितळवताना, सारखं. आणि त्या पाच मिनिटांत नाही आठवलात. तू नाही, ती नाही. मला पोरगी आहे हेच मला माहीत नव्हतं. मग वारा सुटला तेव्हा एकदम आठवलं आणि मी इतकी घाबरले, की दोन्ही हात वर करून वेड्यासारखी हलवत सुटले. सगळे म्हणाले, उपासनाला मोठं घबाड सापडलं वाटतं.”

एखाद्या चांगल्या नवऱ्याने अशा वेळी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला असता. मला मात्र एवढंच वाटलं, की मी आणि रेणू मिळून ज्याच्यापुढे कमी पडलो, ते आहे तरी काय. आठवडाभर मी हेच घेऊन वावरलो. ऑफिसला जाताना, स्कूल बसच्या मागे ताटकळताना, रविवारी बाबांशी बोलताना. बाबांनी विचारलं, “उपासनाच्या दगडाचं काय झालं?” मी म्हटलं, “साधा निघाला.” ते म्हणाले, “असू दे. साधा असला तरी आभाळातला आहे.” सोमवारी प्रोफेसर परगावी होते, तक्ता पुढच्या सोमवारी त्यांच्याकडे जायचा होता. म्हणजे मध्ये अजून एक शनिवार होता.

त्या शनिवारी उपासनाची विद्यापीठात सुपरव्हिजन होती. रेणूला मी साडेनऊला कम्युनिटी सेंटरच्या स्विमिंगला सोडलं, साडेअकराला घ्यायचं होतं. मोसमातलं पहिलं बर्फ पडत होतं, भुरभुर, रस्त्यावर टिकत नव्हतं. लॅबमध्ये फोन नेऊ देत नाहीत, कॅमेरा असतो म्हणून. तो मी लॉकरमध्ये टाकला. दोन काचपट्ट्या राहिल्या होत्या, त्या तासाभरात संपवल्या. अजून वेळ होता. मी २१७ पुन्हा आत घातली. पश्चात्ताप झाला होता असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला त्या दगडाला एकदा समोरासमोर बघायचं होतं, दुसऱ्या माणसाचा फोटो बायकोच्या पुस्तकात सापडल्यावर तो उजेडात नेऊन बघावा तसं.

आमच्या कंपनीत सगळे नमुने धातूचे. धातूवर झोत सोडला तर डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून मी कधी यंत्राच्या भिंगातून बघतच नाही, स्क्रीनवरच्या करड्या चित्रावर काम करतो. मागच्या शनिवारीही तेच केलं होतं. या वेळी काळ्या कोपऱ्यावर झोत नेला, जरा पसरवला, यंत्रातला दिवा बंद केला आणि भिंगाला डोळा लावला. पहिल्यांदा अंधार. मग अंधारात एक कण लाल झाला. नुसता लाल नाही. आतून लाल, फुंकर घातल्यावर निखारा होतो तसा. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्यापलीकडे एक निळा. मी चकती सरकवली. गोल गोल थेंब होते, त्यांच्या आत लाल काड्या, काड्यांच्या मध्ये पिवळसर काच. पृथ्वी नव्हती तेव्हा हे थेंब कुठेतरी वितळून थिजले होते आणि तेव्हापासून आतापर्यंत अंधारात होते. त्यांचा हा रंग कोणी बघितलेला नव्हता. बर्फावर तिनेही नाही, ह्यूस्टनला कापणाऱ्यांनीही नाही. मी श्वास हळू घेत होतो. चकती सरकवत होतो, थांबत होतो, पुन्हा सरकवत होतो. एका थेंबाच्या पोटात दुसरा थेंब होता आणि त्याच्या कडेला लाल धुळीची बारीक किनार. मानेला रग लागली तेव्हा मी डोळा काढला आणि सहज समोरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी काचेच्या दारातून धावलो. लॉकरमधल्या फोनवर चार मिस्ड कॉल. गाडीत मी जे काही बोललो ते सांगण्यासारखं नाही. कम्युनिटी सेंटरच्या बाकावर रेणू बसली होती, केस ओले, जॅकेट उलटं घातलेलं. तिथल्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. रेणू रडत नव्हती. त्यापेक्षा वाईट, ती शहाण्यासारखी बसली होती.

“डॅड, डिड यू फरगेट मी?”

ट्रॅफिक होतं, गाडी बंद पडली होती, मीटिंग होती. तिन्ही उत्तरं माझ्या तोंडात तयार होती. “हो,” मी म्हटलं.

“लाइक, रिअली फरगेट?”

“रिअली.”

तिने जरा विचार केला. “ओके,” ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला नाही, आपली पिशवी आपणच उचलली.

उपासना आमच्याआधी घरी आली होती. सेंटरवाल्यांनी तिलाही फोन केला होता, आणि ती निघाल्यावर मी पोचल्याचंही कळवलं होतं. दारातच रेणूने सांगून टाकलं, “आई, डॅडने मला फरगेट केलं,” आणि बूट न काढता आत गेली. मी निघण्यापूर्वी धावतपळत का होईना, तीसच्या तीस ओळींचा कच्चा तक्ता छापून घेतला होता. तो मी तिच्या हातात दिला. तिने तिथेच, कोटांच्या खुंट्यांपाशी उभं राहून वाचला. बारा ते बावीस या ओळींवर तिचं बोट हळूहळू खाली गेलं.

“हा गंज नाही.”

“नाही.”

“मागच्या शनिवारी पण नव्हता.”

“नव्हता. चार ओळी वाईट होत्या. सात मी काढल्या.”

वर बाथरूममध्ये नळ सुटल्याचा आवाज आला. “मी तुला विचारलं होतं, अकराच्या अकरा?” ती म्हणाली. “आणि मी विश्वास ठेवला. सोमवारी मला सरांना दोन्ही तक्ते दाखवावे लागतील, विवेक. तू काय केलंस ते पण.”

“दाखव.”

“तुझ्या कंपनीपर्यंत जाईल.”

“जाऊ दे. ह्यूस्टनचं होईल तुझं.”

“त्याचं मी नंतर बघेन,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट मी कधी ऐकला नव्हता. “आणि रेणूला का विसरलास?”

“बघत बसलो होतो. त्या कोपऱ्यात. दिवा बंद केला की लाल दिसतो तो.”

“किती वेळ?”

“दीड तास असेल. कळलंच नाही.”

“आम्ही आठवलो?”

खोटं बोलायची सवय मला आठच दिवसांपूर्वी झाली होती, ती अजून ताजी होती. “नाही,” मी म्हटलं.

तिने टॉवेल घेतला आणि वर गेली. रेणूच्या केसांना ड्रायर लावल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी खालीच उभा होतो, बुटांवरचं बर्फ वितळून पायपुसण्यावर पाणी झालं होतं. मग ड्रायर बंद झाला. उपासना अर्ध्या जिन्यापर्यंत खाली आली आणि कठड्याला धरून थांबली. राग तसाच होता. तो आज जाणार नव्हता, कदाचित पुष्कळ दिवस जाणार नव्हता. पण तिला राहवलं नाही. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं, आणि ते काय आहे हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार?

“लाल म्हणजे कसा?” तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. सगळं समोर होतं, निखारा, काड्या, किनार. जगात ते बघितलेला मी एकटाच होतो.

“सांगतो,” मी म्हटलं. “पाच मिनिटं थांब.”